वारूळ पाहून कुंभार आठवावा काय?

श्रोतेहो, नमस्कार.

वेरूळला पाहुण्यांना घेऊन जाण्याचा प्रसंग मला वारंवार येतो. कैलास लेण्यात शिरल्यावर बहुतेकांचे डोळे हत्तींकडे आणि शिखराकडे जातात. मी मात्र त्यांना अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या खडकाजवळ नेतो. तेथे छिन्नीचे तिरके घाव अजूनही दिसतात. आठव्या शतकात हे घाव घालणाऱ्या पाथरवटांना आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही, तरी ते होऊन गेले याबद्दल कोणाच्या मनात शंका येत नाही. ज्या डोंगरात हे लेणे खोदले आहे, तो डोंगर स्वतः मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचा आहे, आणि हे थरही कोणी एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात. घावांवरून पाथरवट सिद्ध होत असेल, तर थरांवरून ते रचणारा सिद्ध होतो की नाही? ईश्वराच्या अस्तित्वाला पुरावा आहे काय, हा आजचा विषय या एका प्रश्नात बराचसा सामावलेला आहे.

होतो, असे न्यायशास्त्राचे, म्हणजे आपल्याकडच्या प्राचीन तर्कपरंपरेचे, उत्तर होते. सुमारे हजार वर्षांपूर्वी उदयनाचार्यांनी ते फार नेटाने मांडले. घट हे कार्य, म्हणजे घडलेली वस्तू, आहे, म्हणून त्याला कुंभार आहे. पृथ्वी आणि पर्वत हेही अवयव जुळून झालेले कार्यच, म्हणून त्यांनाही कोणी कर्ता असला पाहिजे, असे ते अनुमान. उदयनाचार्य जगन्नाथपुरीला गेले तेव्हा मंदिराचे दार बंद होते आणि त्यांनी देवालाच सुनावले की, बौद्ध चालून येतात तेव्हा तुझे अस्तित्व माझ्यावर अवलंबून असते, हे विसरू नकोस. अशी एक दंतकथा सांगतात. ती खरी नसली तरी त्या काळचा वाद किती अटीतटीचा होता, हे तिच्यावरून कळते.

ज्या बौद्धांना हा टोला होता, त्यांच्यापैकी सातव्या शतकातील धर्मकीर्तीने या अनुमानावर आधीच बोट ठेवले होते. त्याचे म्हणणे असे की, मातीची वस्तू दिसली की कुंभार मानायचा असेल, तर वारूळही कुंभारानेच केले म्हणावे लागेल! आपल्या काळ्या रानात बांधावर उभे असलेले वारूळ ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला या आक्षेपाचे वजन वेगळे सांगायला नको. त्याच्या आत वाटा असतात, दालने असतात, आणि त्याला आकार द्यायला कोणाचा हात लागलेला नसतो. छिन्नीच्या घावावरून पाथरवट कळतो, कारण छिन्नी आणि घाव यांचा संबंध आपण अनेकदा पाहिलेला आहे. जग घडताना मात्र कोणी एकदाही पाहिलेले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या आक्षेपाला अजून समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

येथे जाता जाता एक सांगतो. जगाला निर्माता न मानणे हे परदेशातून आलेले खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्धांची आणि शेवटची पाच जैनांची आहेत, आणि हे दोघेही जगाला निर्माता मानत नाहीत, याचा विचार करावा. यज्ञाचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या मीमांसकांनाही जगाच्या कर्त्याची गरज वाटली नव्हती.

म्हणून न मानणाऱ्याचा पक्ष आपोआप सिद्ध झाला, असे मात्र नाही. “दिसत नाही, म्हणून नाही” हे वाक्य वाटते तितके सोपे नाही. आपल्या तर्कशास्त्रात यासाठी योग्यानुपलब्धी असा शब्द आहे. खोलीत उजेड आहे, डोळे शाबूत आहेत आणि घागर दिसत नाही, तर घागर नाही हे खरे ज्ञान होय. परंतु अंधारात चाचपडून ती सापडली नाही, तर तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. तेव्हा ईश्वर असता तर काय दिसले असते, हे आधी ठरले पाहिजे, आणि ते ठरवायचे तर मानणाऱ्याला नेमके काय म्हणायचे आहे हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे लागते.

म्हणणे नेमके असेल तर त्याची परीक्षा करता येते. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या; दुधात रंग मिसळताच ते मूर्तीवरून ओघळताना दिसले. दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेने रोगी बरा होतो काय, याचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या 1802 रुग्णांचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण ज्यांना त्याची खात्री दिलेली नव्हती, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण 52 टक्के होते. ज्यांच्यासाठी ती झाली नाही, त्यांच्यात 51 टक्के. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यात ते 59 टक्के निघाले. देव परीक्षेला बसत नाही, असे यावर कोणी म्हणेल. म्हणू द्यावे; मात्र मग नवस फळल्याचे दाखलेही त्याने पुढे करू नयेत.

आणि आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा किल्लारीपाशी आल्याशिवाय पुरी होत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले असताना, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील गावे भूकंपाने कोसळली आणि हजारो माणसे गेली. दगड मातीत रचलेल्या जाड भिंती आणि वर मातीने जड झालेले माळवद, अशा घरांत माणसे गाडली गेली. हलक्या छपराच्या झोपड्यांतली बरीच वाचली. कोण वाचले आणि कोण गेले याचा उलगडा भिंतींवरून होतो, भक्तीवरून होत नाही. दयाळू आणि सर्वशक्तिमान अशा ईश्वराविरुद्ध याहून सबळ पुरावा मला माहीत नाही, कारण तसा ईश्वर असता तर काही वेगळे दिसायला हवे होते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला येथे निश्चित आहे. त्याचे हेतू आपल्याला कळत नाहीत, हे यावरचे नेहमीचे उत्तर. ते तर्काला सोडून नाही. पण ते दिले की वाचलेल्या माणसाकडे बोट दाखवून “बघा, देवाने तारले” असे म्हणण्याची सोय उरत नाही, कारण हेतू कळत नसतील तर ते दोन्हीकडे कळत नाहीत.

माझी एक मावशी त्या रात्री उकडते म्हणून अंगणात निजली होती आणि वाचली. पुढे पत्र्याच्या शेडमध्येही तिचा देव्हारा होता आणि सांजवात कधी चुकली नाही. देवाने तुम्हाला वाचवले, असे कोणी म्हटले की ती एवढेच विचारी, “मला वाचिवलं म्हणावं, तर शेजारच्या लेकरांनी काय केलं व्हतं?” आणि काडी ओढून दिवा लावी.