ल प्वीमधले सात महिने

नमस्कार श्रोतेहो. मी मूळची साताऱ्याची, आणि आज तुमच्याशी बोलणारे ते फ्रान्समधल्या माझ्या सात महिन्यांबद्दल. फ्रान्स म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, आयफेल टॉवर बघितलास का? बघितला, येताना जाताना एकेकदा. पण माझं फ्रान्स म्हणजे मधल्या डोंगरातलं एक छोटं गाव, ल प्वी-आं-व्हले, आणि तिथल्या एका सरकारी लिसेमध्ये, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या आसपासची मुलं असतात तशा शाळेत, मी इंग्रजीची लँग्वेज असिस्टंट होते.

फ्रान्समध्ये जाऊन इंग्रजी कशाला शिकवायचं, असं माझ्या काकांनी विचारलं होतं, तर ते आधी सांगते. फ्रान्सचं शिक्षण खातं दरवर्षी जगभरातून तरुण मुलामुलींना बोलावतं, कुणी स्पॅनिश, कुणी जर्मन, कुणी अरबी, आणि आपल्यासारख्यांना इंग्रजीसाठी. पॅरिसजवळ सेव्र नावाचं गाव आहे तिथली फ्रान्स एज्युकासिओं अँतरनासिओनाल ही संस्था सगळं बघते. माझं काम होतं आठवड्याला १२ तास, १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, पगार हातात महिना ८०० युरोच्या आसपास, आणि सुट्ट्यांचा पगार कापत नाहीत. आपण टीचर नसतो, पेपर तपासायचे नाहीत, मार्क द्यायचे नाहीत, वर्गातली दहाबारा मुलं वेगळ्या खोलीत घ्यायची आणि त्यांना बोलतं करायचं. एवढंच. पण "बोलतं करायचं" हे किती मोठं काम आहे ते तिथं कळतं, कारण आधी आपल्यालाच बोलतं व्हावं लागतं.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी फ्रेंच शिकले होते, परीक्षा बऱ्या मार्कांनी पास झाले होते, त्यामुळे भाषेची भीती नव्हती. अडलं ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. आपल्याकडे मुलींना, आणि मुलांनाही, लहानपणापासून एक शिकवलेलं असतं की कुणाला त्रास द्यायचा नाही, मागायचं नाही, समोरचा विचारेल तेव्हा सांगायचं. आणि आपल्याकडे समोरचा विचारतोच हो! शेजारच्या काकू दार वाजवून विचारतात, जेवलीस का, नळाला पाणी आलं का. फ्रान्समध्ये तसं कुणी विचारत नाही. माणसं वाईट आहेत म्हणून नाही, उलट त्यांना वाटतं की न विचारता दुसऱ्याच्या भानगडीत पडणं हाच उद्धटपणा. मी वाट बघत बसले की कुणीतरी विचारेल, आणि ते वाट बघत बसले की हिला काही लागलं तर ही सांगेल.

पहिला महिना असाच गेला. घर हवं तर बँक खातं हवं, बँक खातं हवं तर घराच्या पत्त्याचा पुरावा हवा, एका बँकेत तर काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट दोन मिनिटं उलटसुलट बघितला आणि परत सरकवला, पुढच्या महिन्यात या म्हणाल्या. आणि रिब नावाचा एक कागद असतो, खात्याचा नंबर लिहिलेला, तो दिल्याशिवाय पगारच निघत नाही. पगार म्हणजे तो पण ऑक्टोबरच्या शेवटी. मी घरून नेलेले पैसे डिपॉझिट आणि भाड्यात गेले, फर्निश्ड खोलीला दोन महिन्यांपर्यंत डिपॉझिट घेऊ शकतात तिकडे. मग मी काय केलं, तर दोन आठवडे ब्रेड, केळी आणि भात खाऊन काढले. घरी सांगितलं नाही, आईला व्हिडिओ कॉलवर मागचं कपाट दिसेल असा फोन धरायचे, टेबल दिसू द्यायचे नाही.

एक दिवस शाळेतल्या माझ्या ट्यूटर मॅडमनी, म्हणजे मला सांभाळून घ्यायला नेमलेल्या इंग्रजीच्या टीचर, त्यांनी सहज विचारलं की पगाराचा अ‍ॅडव्हान्स मिळाला ना? मी म्हटलं कसला अ‍ॅडव्हान्स? त्या बघतच राहिल्या. पहिल्या महिन्यासाठी पगारातून उचल मिळते, अर्ज करायचा असतो, तेवढंच. त्यांनी मला तिथल्या तिथं ऑफिसात नेलं, फॉर्म भरला, आणि बाहेर आल्यावर एकच वाक्य बोलल्या, "पण तू विचारलं का नाहीस?" रागावून नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं. माझी आजी म्हणायची भीड भिकेची बहीण, ते मी शंभर वेळा ऐकलं असेल, पण त्याचा अर्थ मला त्या ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये लागला, फोटोकॉपी मशीनच्या शेजारी उभं राहून.

त्या दिवसापासून मी ठरवलं, रोज एक तरी गोष्ट विचारायची. फोटोकॉपी मशीनचा कोड विचारला (प्रत्येक टीचरचा वेगळा कोड असतो आणि कॉप्यांचा कोटा, मी तोपर्यंत गावातल्या दुकानातून स्वतःच्या पैशानं कॉप्या काढत होते). टीचर्स रूममधल्या कॉफीचे पैसे कुठे द्यायचे ते विचारलं. गळ्यात आजीनं दिलेलं गणपतीचं पेंडंट होतं ते चालेल का विचारलं, कारण तिथं सरकारी शाळेत काम करणाऱ्यानं धर्माची खूण दिसेल अशी घालायची नसते, मुलांसाठीही २००४ सालचा कायदा आहे, ट्यूटर मॅडमनी शांतपणे सगळं समजावलं आणि पेंडंट स्वेटरच्या आत गेलं, मला त्यात काही कमीपणा वाटला नाही, नियम कळला की मन शांत होतं. आणि कँटीनमध्ये विचारलं. तिथली प्रसिद्ध डिश म्हणजे मसूर, पण डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेली, मी शाकाहारी, रोज नुसती कोशिंबीर आणि चीज घेऊन बसायचे. शाळेच्या कँटीनला आठवड्यातून एकदा शाकाहारी जेवण द्यायचा कायदा आहे तिकडे, पण बाकीचे दिवस? वाढणाऱ्या मावशींना विचारलं, मांसाशिवाय बाजूला काढता येईल का थोडी? त्या म्हणाल्या सकाळी दहाच्या आत येऊन सांगत जा. बस्स. सहा महिने त्यांनी माझ्यासाठी वाटी बाजूला ठेवली.

ही मसूर म्हणजे साधीसुधी नाही हं. ल प्वीची हिरवी मसूर, बारीक, सालीवर निळसर ठिपके, शिजली तरी दाणा मोडत नाही, तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या नाशिकच्या द्राक्षांना जीआय टॅग आहे ना तसंच. तो सगळा भाग ज्वालामुखींचा, घरं काळ्या दगडाची, आणि पहिल्या दिवशी स्टेशनातून बाहेर पडल्यावर तो काळा दगड बघून मला एकदम अजिंक्यताऱ्याचा कडा आठवला होता. गावात एक सुळका आहे, सरळ उभा, ८० मीटरच्या वर, त्याच्या टोकावर दहाव्या शतकातलं छोटंसं चॅपल आणि वर जायला २६८ पायऱ्या. मला फार उदास वाटलं की मी तिथं चढून जायचे. वर गेल्यावर सज्जनगडावर लागतो तसा वारा लागतो.

दर शनिवारी प्लास द्यू प्लोवर बाजार भरतो. तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून मी मसूर घ्यायचे. आता दुकानात किंवा ठेल्यावर गेलं की आधी बोंज्यूर म्हणायचं, मग काय हवं ते, हे सगळे सांगतातच, पण मी म्हणते नुसतं म्हणू नका, थांबा. बोंज्यूर म्हटल्यावर समोरच्याचं बोंज्यूर परत येऊ द्यायचं, डोळ्यात बघायचं, मग बोलायचं. त्या एका सेकंदात तुम्ही गिऱ्हाईकाचे माणूस होता. तर आजोबांनी विचारलं, तू हे शिजवतेस कसं? मी म्हटलं आमटी करते. मग आमटी म्हणजे काय, फोडणी म्हणजे काय, तेलात मोहरी तडतडते हे फ्रेंचमध्ये सांगताना मला शब्दच सापडेना, मी हातानं आणि तोंडानं तडतड करून दाखवली, मागं रांग उभी, आणि रांगेतल्या बायका पण ऐकत उभ्या! पुढच्या शनिवारी मी जामच्या बरणीत गोडा मसाला घालून केलेली आमटी घेऊन गेले. आजोबांनी बरणी उघडली, वास घेतला, आणि मला न विचारता अर्धा किलो जास्त तोलली.

वर्गाचं सांगायचं राहिलंच. पहिले काही आठवडे मुलं गप्प. पंधरा-सोळा वर्षांची, इंग्रजी येतं पण चुकायची लाज. एकानं विचारलं, तुम्ही इंडियन बोलता का? मी म्हटलं मी मराठी बोलते, आणि बोर्डावर लिहिलं, तू, तुम्ही. मग सांगितलं, तुमचं त्यु आणि व्हू आहे ना, तसंच. इंग्रजीत बिचाऱ्यांकडे एकच यू. मुलं एकदम सरसावून बसली! मग तुम्ही आईला काय म्हणता, बाबांना काय म्हणता, टीचरला काय, देवाला काय? आईला अगं, बाबांना काही घरांत अरे काही घरांत अहो, आणि विठोबाला चक्क तू, हे मला सगळं इंग्रजीतून सांगावं लागलं आणि त्यांना इंग्रजीतून विचारावं लागलं. तास कधी संपला कळलं नाही.

विठोबा निघाला म्हणून पुढच्या तासाला वारी निघाली. कारण ल प्वी हे स्वतःच एका वारीचं गाव आहे, स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू तिथून निघतात, पाठीवर सॅक, सॅकला शिंपला बांधलेला, सकाळी सातला कॅथेड्रलमध्ये प्रार्थना झाली की उतरणीच्या रस्त्यानं चालायला लागतात, पुढं दीड हजार किलोमीटर. मुलं हे लहानपणापासून बघतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी आळंदी ते पंढरपूरचे फोटो दाखवले, दिवे घाटातला तो पांढऱ्या टोप्यांचा पूर, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. एक मुलगी, जी नोव्हेंबर संपेपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, तिनं हळूच विचारलं, "हू गिव्ह देम फूड?" गिव्ह की गिव्ह्ज ते मी दुरुस्त केलं नाही. मी म्हटलं गावं देतात. सगळं गाव पिठलं-भाकरी करतं. ती म्हणाली माझी आजी पण यात्रेकरूंना सूप देते, पैसे घेत नाही, आणि मग ती पाच मिनिटं बोलत होती. मी खिडकीकडे बघत राहिले, डोळे भरले होते म्हणून.

सगळं असं गोडच होतं असं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागं जातात, भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो, आणि तो एक तास फार लागतो, कारण शाळेतून घरी येऊन चहा टाकेपर्यंत आई झोपायला निघालेली असते. डिसेंबरात आठच्या तासाला जाताना अंधार. वर पठारावर बर्फाचा वारा सुटतो, त्याला ते ब्यूर्ल म्हणतात, रस्ते बंद होतात, एसटीसारख्या बसेस रद्द होतात. रविवारी सगळं बंद, दुपारी बारा ते दोन दुकानं बंद, आणि त्या शांततेत स्वतःचा आवाज ऐकू यायला लागतो. त्या दिवसांत मी घरमालकिणीकडे गेले, सत्तरी ओलांडलेल्या, खालच्या मजल्यावर एकट्या. कारण काढलं हिंगाचं, म्हटलं माझ्या स्वयंपाकाच्या वासाचा तुम्हाला त्रास होतो का? त्या म्हणाल्या, मी तीन महिने वाट बघतेय की तू कधीतरी खाली घेऊन येशील. नंतर बहुतेक रविवारी आम्ही एकत्र जेवलो. जानेवारीत त्यांनीच म्हटलं आता मला व्हू म्हणू नकोस, आणि माझी जीभ काही वळेना, सत्तरीच्या बाईंना अरे-तुरे कसं करणार? मी त्यांना शेवटपर्यंत व्हूच म्हटलं, त्यांना कारण सांगितलं, त्यांना पटलं.

जे कुणी जायचा विचार करताय त्यांच्यासाठी दोनतीन कामाच्या गोष्टी, पटकन. भारतातून याचे अर्ज फ्रेंच इन्स्टिट्यूटमार्फत जातात. जन्मदाखला अपोस्टिल करून न्या, म्हणजे तो परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घ्यायचा, त्याचं फ्रेंच भाषांतर तिथल्या अधिकृत अनुवादकाकडून लागतं, घरभाड्याची सरकारी मदत काफ नावाचं खातं देतं, तिथं आणि आरोग्य विम्याला दोन्हीकडे तो मागतात. व्हिसा फ्रान्सला पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, विसरायचं नाही. भाड्यासाठी जामीन मागतात, तिथं आपलं कोण ओळखीचं, तर व्हिझाल नावाची सरकारमान्य हमी तिशीपर्यंतच्या मुलांना फुकट मिळते, पण ती करारावर सही करण्याआधी काढायची. आणि घर बघितल्याशिवाय कुणालाही पैसे पाठवू नका, कितीही गोड बोलले तरी.

एप्रिलच्या शेवटी निघताना खोली रिकामी केली. पुढच्या ऑक्टोबरला नवी असिस्टंट येणार होती, कुठल्या देशातली ते शाळेलाही माहीत नव्हतं. मी एका कागदावर सगळं लिहून टीचर्स रूममधल्या माझ्या कप्प्यात ठेवलं, अ‍ॅडव्हान्सचा फॉर्म कुणाकडे मागायचा, कँटीनच्या मावशींना दहाच्या आत सांगायचं, शनिवारी मसूर कोणत्या ठेल्यावर घ्यायची, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंचं दार कधी वाजवायचं. साताऱ्याहून नेलेला तीन लिटरचा कुकर मात्र घरमालकिणीनं मागून घेतला. शिट्टीला त्या आधी घाबरायच्या. आता फोनवर सांगतात, तीन झाल्या की बंद करते.

नमस्कार.