लेओव्हरमधलं शहर

नमस्कार श्रोतेहो.

लांबच्या विमानप्रवासात मधल्याच कुठल्यातरी विमानतळावर सहा, आठ, दहा तास अडकायची वेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर आली असेल. आणि मग आपण काय करतो, चार्जिंगचा पॉइंट बघून एक खुर्ची पकडतो, ड्युटी फ्रीमधून तीन चकरा मारतो, थोडी डुलकी काढतो आणि पुढच्या विमानात जाऊन बसतो. एवढं मोठं शहर अर्ध्या तासावर होतं आणि आपण त्याचं नाव फक्त बोर्डावर वाचलं, याची मला खरंच फार हळहळ वाटते, म्हणून आज हाच विषय घेतलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेओव्हरमध्ये, म्हणजे दोन विमानांच्या मधल्या या वेळात, शहर बघायला जायचं नाही, शहरातली एक जागा बघायला जायचं. एकच. यादी केलीत की धावपळ झालीच म्हणून समजा.

आता वेळेचा हिशोब. तो नेहमी उलटा मांडायचा, म्हणजे पुढच्या विमानापासून मागे मागे यायचं. समजा सकाळी सातला उतरलात आणि पुढचं विमान दुपारी तीनला आहे. ऐकायला आठ तास, पण बोर्डिंग पाऊण-एक तास आधी सुरू होतं, गेट विमान सुटायच्या वेळेआधीच बंद होतं, सिक्युरिटी आणि इमिग्रेशनच्या रांगा परत लागणार, म्हणजे एक वाजता तुम्ही विमानतळावर हवेत आणि शहरातून सव्वाबाराला निघालेले हवेत. इकडे उतरून, रांगेत थांबून, ट्रेन पकडून शहरात पोचायला नऊ वाजले. राहिले किती, तर सव्वातीन तास! पण हे सव्वातीन तास पूर्ण तुमचे असतात, आणि एका जागेला तेवढे भरपूर होतात. लेओव्हर पाच तासांपेक्षा कमी असेल तर मात्र मी बाहेर पडा असं सांगणार नाही, जिवाला घोर लावून काही बघण्यात मजा नाही.

माझे असे सव्वातीन तास स्वित्झर्लंडमधल्या झुरिकमध्ये गेले होते. तिथं विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, ट्रेन दहा-बारा मिनिटांत मुख्य स्टेशनला नेते, आणि स्टेशनसमोरून बानहोफश्ट्रासे नावाचा रस्ता निघतो तो जवळजवळ दीड किलोमीटर चालत गेलं की थेट तळ्यावरच पोचवतो, वाट चुकायचा प्रश्नच नाही. मी तळ्याच्या काठावर बसले, शेजारी हंस अगदी हाताच्या अंतरावर येत होते, पाणी इतकं स्वच्छ की त्यांचे पाय खाली हलताना दिसत होते. येताना नदीच्या काठाने आले आणि लिंडेनहोफ नावाच्या टेकडीवर चढले, तिथं कधीकाळी रोमन लोकांचा किल्ला होता, आता झाडं आहेत, बाकं आहेत आणि खाली लिम्माट नदी. जवळच सेंट पीटर चर्च आहे, त्याच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची तबकडी साडेआठ मीटरपेक्षाही मोठी आहे, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या तबकड्यांपैकी एक. ज्याला विमान गाठायचंय त्याला याहून सोयीचं शहर कुठलं! मनगटाकडे बघावंच लागलं नाही.

बरं, सगळीच शहरं इतकी जवळ नसतात. टोकियोचा नारिता विमानतळ शहरापासून साठ किलोमीटरच्या आसपास आहे, जाऊन-येऊन वेळ सगळा ट्रेनमध्येच जातो. मग टोकियोचा नाद सोडायचा आणि शेजारच्या नारिता गावात जायचं. ट्रेनने दहाएक मिनिटं, पुढे जुन्या दुकानांचा एक रस्ता चालत उतरलात की नारितासान नावाचं मोठं बौद्ध मंदिर, सन 940 मध्ये स्थापन झालेलं, मागे मोठी बाग. टोकियो राहिलं याचं वाईट वाटत नाही, उलट जपानमधलं एक गाव बघून होतं. विमानतळाच्या जवळचं गाव बघा हे तर मी सगळ्यांनाच सांगते, नकाशावर लोक ते बघतच नाहीत.

एकट्याने बाहेर पडायची भीती वाटत असेल तर सिंगापूरला चांगी विमानतळावर ट्रान्झिट, म्हणजे तिथं फक्त विमान बदलणाऱ्या प्रवाशांसाठी फुकट शहरफेरी असते, आणि इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सची तिच्या प्रवाशांसाठी. वेळा आणि अटी बदलत असतात, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघून घ्या.

आणि हो, व्हिसा! तो आधीच बघा, विमानतळावर उतरून नाही. विमानतळाच्या आत थांबायला व्हिसा लागत नसला म्हणून बाहेर पडायलाही लागत नाही असं अजिबात नसतं, तुमचा पासपोर्ट कुठला आणि तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा व्हिसा आहे यावर ते ठरतं. अमेरिकेत तर साधारणपणे नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं आणि बॅगही ताब्यात घेऊन परत द्यावी लागते. बॅगचं म्हणाल तर चेक-इन करतानाच टॅगवर शेवटच्या शहराचा तीन अक्षरी कोड आहे ना ते वाचा, असेल तर बॅग आपोआप पुढे जाते. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर मात्र बॅग बहुतेक वेळा तुम्हालाच उचलावी लागते, आणि पुढचं विमान चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते, अशा वेळी शहराचा मोह टाळलेला बरा.

बॅग पुढे गेली म्हणजे स्वेटरही पुढे गेला हे लोक विसरतात. उकाड्यातून निघून थंडीत उतरणार असाल तर जाकीट आणि बंद बूट हातातल्या पिशवीत ठेवा. मोबाईलमध्ये नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, विमानतळाचं वायफाय दारापर्यंतच साथ देतं. आणि शहरात बाटलीबंद काही घेऊ नका, परत येताना सिक्युरिटीला बऱ्याच ठिकाणी पातळ पदार्थांना 100 मिलीची मर्यादा असते. माझ्यापुढच्या बाईंच्या जॅमच्या दोन बरण्या तिथंच काढून घेतल्या, किती प्रेमाने कागदात गुंडाळल्या होत्या त्यांनी.

आता मी तिकीट काढतानाच हे बघते. रात्री दीड तासाचं घाईचं कनेक्शन आणि सकाळी सातला उतरून दुपारी चारला निघणारं, अशी दोन्ही एकाच भावात दिसली तर मी दुसरं घेते, आणि त्याच दिवशी नकाशा उघडून विमानतळाच्या आजूबाजूला काय आहे ते शोधायला लागते.