तुलूझ ते सेत: कालव्याची वाट आणि शेजारची रेल्वे

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याला जुलै महिन्यातली ती शर्यत आठवते. घामाघूम होऊन घाट चढणारे शर्यतवीर आठवतात. त्यांना आज आपण बाजूला ठेवू. मी ज्या सायकलीबद्दल बोलणार आहे, तिच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकल्या आहेत आणि चालवणाऱ्याला कुठंही पहिलं यायचं नाही. अशा माणसानं फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत फिरताना सायकलीइतकंच जपावं ते रेल्वेचं वेळापत्रक. सहल आधी रेल्वेच्या नकाशावर आखावी, सायकल नंतर काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण घेऊ दक्षिण फ्रान्सचं. तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राजवळच्या तो नावाच्या खाजणापर्यंत 240 किलोमीटरांचा एक कालवा आहे, कनाल द्यु मिदी. पिएर-पॉल रिके या गृहस्थानं तो 1666 मध्ये खोदायला घेतला. कालवा 1681 मध्ये सुरू झाला, पण रिके काही महिने आधीच वारला होता. त्याची खरी करामत खोदण्यात नव्हती, पाणी आणण्यात होती. वाटेतला सर्वांत उंच भाग म्हणजे नोरूझची खिंड, समुद्रसपाटीपासून 189 मीटर. तिथं पाणी कुठून यायचं? रिकेनं काळ्या डोंगरातले ओढे वळवले, धरण बांधलं आणि चरातून ते पाणी खिंडीत आणून सोडलं. आजही तिथून एक धार अटलांटिककडे जाते, दुसरी भूमध्य समुद्राकडे. आणि आपल्या सायकलस्वाराला चढ म्हणून जो लागतो, तो एवढाच.

या कालव्यातून पूर्वी घोडे नावा ओढत. घोड्यांसाठी काठानं वाट होती, तीच आज सायकलींची वाट आहे. तुलूझहून कालव्याच्या दुसऱ्या टोकाजवळच्या आग्द गावाला उतारूंची नाव चार दिवसांत पोचायची. मग 1857 मध्ये बोर्दोहून भूमध्य समुद्रावरच्या सेत बंदराला जाणारा लोहमार्ग पुरा झाला. पुढच्याच वर्षी सरकारनं हा कालवा त्याच रेल्वे कंपनीला भाड्यानं दिला! मांजराला शिंक्याची राखण. नावांचे उतारू गेले, हळूहळू मालही गेला. पण कालव्याचं जे नुकसान झालं, त्यात आपली सोय झाली. तुलूझ स्टेशनातून बाहेर पडा, समोर कालवा. वाटेतल्या कार्कासोन शहरात तेच. आग्दला रिकेच्या काळातली गोल बांधणीची लॉक, म्हणजे नावा वरखाली करणारी पाण्याची टाकी, स्टेशनापासून चार पावलांवर. पाय दुखले, पाऊस आला, नवराबायकोचं भांडण झालं, तरी गाडी आहे.

आपल्याकडे सायकल रेल्वेनं न्यायची तर पार्सल ऑफिसचे कागद आणि लगेजचा डबा. तिथं टीईआर नावाच्या प्रादेशिक गाड्या असतात. त्यांत बहुतेक ठिकाणी सायकलीला तिकीट पडत नाही, मात्र नियम प्रदेशागणिक बदलतात आणि उन्हाळ्यात काही ठिकाणी जागा राखून ठेवावी लागते. सायकलीचं चित्र असलेला दरवाजा शोधायचा. लहान स्टेशनावर गाडी जेमतेम मिनिटभर थांबते, म्हणून पिशव्या आधीच काढून हातात घ्याव्यात. काही डब्यांत सायकल पुढच्या चाकानं हुकाला टांगायची असते. वेगवान टीजीव्हीचा थाट वेगळा. तिथं मोजक्या जागा आणि त्याही पैसे मोजून, नाहीतर सायकल खोलून पिशवीत भरा. मी म्हणेन, टीजीव्हीच्या वाटेला जाऊच नये.

गाडीचा सर्वांत मोठा उपयोग वाऱ्यासाठी. या भागात दोन वाऱ्यांचं राज्य. पश्चिमेकडून येतो तो सेर्स, आग्नेयेकडून येतो तो ओताँ. सेर्स असला तर तुलूझहून निघावं, तो पाठीवर हात ठेवून नेतो. ओताँ सुटला असेल तर हट्ट करू नये. गाडीनं कार्कासोनला जावं आणि उलट तुलूझकडे यावं. सपाट रस्त्यावर समोरून येणारा वारा घाटापेक्षा वाईट, कारण त्याला माथाच नसतो.

एक सावधगिरी. तुलूझकडचे पहिले 50 किलोमीटर डांबरी. पुढं ओद जिल्ह्यात मातीची वाट लागते, झाडांच्या मुळांचे उंचवटे लागतात. तिथं रुंद टायर हवेत. ही झाडं म्हणजे प्लेन ट्री, एके काळी सुमारे 42,000. त्यांना बुरशीचा रोग लागला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून तो फ्रान्समध्ये आला असं मानतात. या कालव्यावर तो 2006 मध्ये सापडला. तेव्हापासून झाडं हजारांनी तोडावी लागली. जुन्या छायाचित्रांतली हिरवी कमान पाहून निघाल, तर काही टप्प्यांत नुसतं ऊन भेटेल.

पाणी संपलं तर फ्रान्समधले सायकलवाले गावची दफनभूमी गाठतात. फुलांना पाणी घालायला तिथं नळ असतो. जेवणाचं मात्र कठीण. कास्तेलनोदारी हे गाव कासुले या पदार्थासाठी प्रसिद्ध. पांढरा घेवडा, बदक आणि डुकराचं मांस मातीच्या भांड्यात तासन्‌तास शिजवतात. शाकाहारी माणसानं वास घेऊन पुढं व्हावं. पाव, शेळीच्या दुधाचं चीज आणि पीच यांवर दिवस छान जातो. दुपारी दोन तास दुकानं बंद, सोमवारी पुष्कळ ठिकाणी बेकरीही बंद.

कार्कासोनच्या पुढं रेल्वे नारबोनकडे खाली उतरते आणि कालवा उत्तरेनं वळसे घेत जातो. तिथं एकही लॉक नसलेला 54 किलोमीटरांचा सलग पट्टा आहे. मुक्काम आधी ठरवावा असा टप्पा हाच. दोघांची पुन्हा गाठ पडते माल्पासच्या टेकडीत. टेकडीच्या पोटात तीन बोगदे आहेत. एक रिकेच्या कालव्याचा, त्याच्या खालून रेल्वेचा, आणि आणखी एक तेराव्या शतकातला, मोंतादीच्या तळ्याचं पाणी काढून टाकण्यासाठी खणलेला. टेकडीवर चढलं की त्या आटवलेल्या तळ्यातली शेतं दिसतात, चाकाच्या आऱ्यांसारखी मध्याकडे निमुळती होत गेलेली. इथं घाई करू नये.

सगळं असं सोयीचं आपोआप झालं नाही. 1936 मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. लिओ लाग्रांज या मंत्र्यानं त्यांच्यासाठी रेल्वे तिकिटात 40 टक्के सवलत मिळवून दिली. कारखान्यातली माणसं गाड्या भरून, सायकली आणि टँडेम, म्हणजे दोघांनी चालवायच्या सायकली, घेऊन समुद्राकडे निघाली. साध्या माणसाची ही सुट्टी तेव्हापासूनची.

शेवटी कालवा खाजणाला मिळतो आणि सायकलीची वाट वाळूच्या पट्ट्यावरून, उजव्या हाताला समुद्र ठेवून सेतला जाते. सेतहून गाडी दोन-अडीच तासांत तुलूझला परत आणते. फक्त उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळची गाडी धरू नका. किनाऱ्यावरून परतणारी गर्दी आपल्या सायकलींसकट फलाटावर उभी असते. सोमवारी सकाळी निघा, आणि पाव रविवारीच घेऊन ठेवा.

नमस्कार.