वाळू, वारा आणि मर्यादवेल

कोल्हापुरात कॅमेऱ्याचं वेड जुनं आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला. इथली फोटोग्राफर पोरं वाळूचे फोटो काढायचे म्हटलं, की जैसलमेरची गाडी धरतात.

[दृश्य: समच्या टेकड्या, कलता सूर्य]

जरूर जावं. जैसलमेरपासून साधारण ४० किलोमीटरवर सम आहे. इथं वाळूच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब, हलक्या चढाची. वारा कण उडवत माथ्यापर्यंत आणतो नि पलीकडं सोडून देतो. पलीकडची कोरडी वाळू ३४ अंशांच्या आसपास चढली की घसरते. माथ्यावरची ती रेखीव धार अशी तयार होते. सूर्य खाली असताना एक अंग उजळतं, दुसरं काळोखात जातं. भर दुपारी मात्र सगळं सपाट दिसतं. उजळ वाळूला कॅमेरा फसतो, फोटो काळवंडतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, थोडं वाढवावं लागतं.

[दृश्य: आंबोली घाट, मग शिरोड्याचा किनारा]

पण आजरा, आंबोली, सावंतवाडी करत शिरोड्याला उतरलं, की आपल्या दाराशीही वाळूच्या टेकड्या आहेत. बुटक्या आहेत, म्हणून लोक त्या तुडवत पाण्याकडं धावतात. याचं फार वाईट वाटतं. वाळवंटातली टेकडी सरकत राहते. ही मात्र झाडोऱ्यानं धरून ठेवलेली असते. मर्यादवेल वाळूवर पसरते, रावणाच्या मिशा नावाचं टोकदार गवत उडती वाळू अडवतं. वादळात लाटा आधी या टेकडीवर आदळतात, मागची माडाची बाग वाचते. वेल तुटली की वाळू सुटते. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील गटात आहेत, ते उगीच नाही.

फोटोसाठी टेकडीवर चढायची गरजही नाही. समुद्राकडच्या ओल्या वाळूवर पालथं पडा, कॅमेरा जमिनीला टेकवा. बुटकी टेकडी आभाळाला भिडते. कोकणात समुद्र पश्चिमेला, त्यामुळं संध्याकाळचं ऊन पाण्यावरून थेट टेकडीच्या अंगावर येतं. वाऱ्यानं वाळूवर उमटवलेल्या लाटा तेव्हाच टिपायच्या. खारा वारा असतो, तिथं लेन्स बदलू नका.

मर्यादवेलीची जांभळी-गुलाबी फुलं मात्र सकाळीच ताजी असतात, ऊन चढलं की कोमेजतात. ती हवी असतील, तर आदल्या रात्रीचा मुक्काम घाटाखालीच करा.