'सांगता येत नाही'चा रकाना

(इंदूरमधील एका व्याख्यानाचा संपादित भाग)

रामबागेतल्या एक काकू मला अजून आठवतात. परराष्ट्र धोरणावरच्या जनमत पाहणीची प्रश्नावली घेऊन मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. अमुक देशावर सँक्शन लावणं योग्य की अयोग्य, असा प्रश्न. मूळ कागद इंग्रजीत, आणि मी आळशीपणानं तो शब्द तसाच ठेवलेला. काकू म्हणाल्या, "योग्यच की! आमच्या मुलाचंही मागच्याच महिन्यात झालं सँक्शन." घराचं कर्ज हो! इंग्रजीत त्या एकाच शब्दाला निर्बंध आणि मंजुरी असे दोन्ही अर्थ आहेत, आणि आपल्याकडे बँकेमुळे दुसराच घरोघरी पोचलाय. मी मुकाट्यानं 'योग्य'वर खूण केली असती, तर दिल्लीतल्या कुठल्या तरी अहवालात रामबाग निर्बंधांच्या बाजूनं उभी राहिली असती.

नळाला पाणी किती वेळ येतं, यावर माणसाचं मत आधीपासून तयार असतं. परराष्ट्र धोरणावरचं मत बरेचदा प्रश्न कानावर पडल्यावरच जन्माला येतं. अमेरिकेत ओहायो नदीकाठी सिनसिनाटी नावाचं शहर आहे. 1947-48 मध्ये तिथं सहा महिने संयुक्त राष्ट्रसंघाचा प्रचार चालला. पत्रकं, भाषणं, शाळांतून कार्यक्रम. रेडिओवर तर आठवड्याला दीडशेपर्यंत घोषणा. नॅशनल ओपिनियन रिसर्च सेंटर या जनमत तपासणाऱ्या संस्थेनं आधी आणि नंतर पाहणी केली. संयुक्त राष्ट्रसंघ कशासाठी आहे हे ठाऊक नसलेले लोक आधी 30 टक्के होते, नंतर 28. ज्यांना आधीच गोडी होती त्यांनीच सगळं ऐकलं, बाकीच्यांच्या कानांवरून ते गेलं. एका बाईंनी घोषणा बरोब्बर म्हणून दाखवली आणि वर सांगितलं, अर्थ काही कळला नाही बुवा.

पुढं 1970 च्या दशकात त्याच गावच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी खोडी काढली. '1975चा पब्लिक अफेअर्स अ‍ॅक्ट' रद्द करावा का, असं लोकांना विचारलं. असा कायदाच नव्हता! तरी साधारण एक तृतीयांश लोकांनी मत दिलं. 'की याबद्दल तुमचं काही मत नाही?' एवढं प्रश्नाला जोडलं, तर हे प्रमाण पुष्कळ खाली आलं. लोक लबाड नसतात हो. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हा संस्कार असतो. आपल्याकडे तर चहाही मिळतो.

कुणाला विचारलं, ही दुसरी भानगड. 1936 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं एक कोटीच्या आसपास मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि रूझवेल्ट हरणार असं भाकीत केलं. ते 48 पैकी 46 राज्यं जिंकले. नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे खात्यापित्या घरांतलीच. रात्री बारा वाजता सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभं राहून 'इंदूरकर लवकर झोपतात का?' असं विचारण्यातलाच हा प्रकार.

शब्दांचंही तसंच. लोकशाहीविरुद्ध भाषणांना 'परवानगी द्यावी का?' असं 1940 च्या सुमाराला विचारलं, तेव्हा 62 टक्के अमेरिकन नको म्हणाले. 'बंदी घालावी का?' असं विचारल्यावर घाला म्हणणारे 46च.

म्हणून एकट्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. अमेरिकेतली शिकागो कौन्सिल ही अभ्याससंस्था 1974 पासून आणि ऑस्ट्रेलियाची लोवी इन्स्टिट्यूट 2005 पासून परराष्ट्र धोरणावर लोकांना विचारत आलीय, आणि काही प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा. शब्द तेच राहिले आणि आकडा हलला, की काहीतरी घडलंय हे कळतं.

काकूंचं राहिलंच. मी दिलगिरी व्यक्त करून 'निर्बंध' म्हणजे काय ते समजावलं आणि पुन्हा विचारलं. त्या जरा थांबून म्हणाल्या, "मग तिथल्या बायकांनी औषधपाणी कुठून आणायचं?" अख्ख्या दिवसात निर्बंधांबद्दल मला एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मी खूण केली 'सांगता येत नाही'वर.