बाळ झाल्यानंतरचे सहा महिने

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे नोकरी करणाऱ्या बाईच्या बाळंतपणाच्या रजेबद्दल. पगारी रजेबद्दल.

प्रसूती लाभ कायदा आला १९६१ साली. २०१७ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी १२ आठवड्यांची रजा २६ आठवडे झाली. लोक म्हणतात, मिळाले की सहा महिने, आता आणखी काय पाहिजे? तर जरा बोटांवर मोजा. या २६ पैकी ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. पाय सुजतात, बीपी वाढतं, डॉक्टर म्हणतात पडून राहा, मग ते घ्यावेच लागतात. उरले १८. म्हणजे बाई कामावर रुजू होते तेव्हा लेकरू जेमतेम चार महिन्यांचं. आणि जागतिक आरोग्य संघटनेपासून आपल्या गल्लीतल्या आशाताईपर्यंत सगळे सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. दूध सहा महिने, रजा चार महिने. मधल्या दोन महिन्यांचं काय?

आमच्या नात्यातली एक सून सीताबर्डीला खासगी ऑफिसात आहे, राहायला जयप्रकाशनगरला. ती रुजू झाली ती नेमकी मे महिन्यात. नागपूरचा मे! बाळ काही केल्या बाटली धरेना. वाटी-चमच्यानं दिलेलं दूध फुर्रकन बाहेर. शेवटी तिच्या सासूबाई, आमच्या ताई, दुपारी त्याला टोपडं घालून, ओला दुपट्टा पांघरून मेट्रोत बसल्या. (मेट्रोतला एसी जरा कमी ठेवा हो. बाहेर ४५, आत हुडहुडी, म्हातारी माणसं आजारी पडतात.)

ऑफिसच्या दारात वॉचमन. रजिस्टरात नोंद केल्याशिवाय आत सोडेना. ताई म्हणाल्या, “भाऊ, मले नाई भेटाचं कोनाले. याले भेटाचं हाय, त्याच्या मायले.” आता वॉचमनही नियमाचा पक्का. त्यानं बाळाचीच नोंद सुरू केली. नाव विचारून लिहिलं. बारसं झालं होतं, घरातच, पाळणा म्हणून; हल्ली हॉल घेऊन स्टेजवर बारसं करतात, ते मला काही पटत नाही. असो. कोणाला भेटायचे? आई. कामाचे स्वरूप? इथं पेन थांबलं. ताई म्हणाल्या, “जेवाले आला, लिहा.” त्यानं लिहिलं, जेवण.

मग हे रोजचंच झालं. ताई दिसल्या की वॉचमन आपणच रकाने भरायचा. एक दिवस मुख्य कार्यालयातून साहेब तपासणीला आले, रजिस्टर चाळलं आणि विचारलं, “हे रोज दुपारी आपल्याकडे जेवायला येणारे गृहस्थ कोण?”

सगळं ऑफिस हसलं. साहेबही हसले. दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या खोलीतले खोके हलले, एक खुर्ची आणि टेबल फॅन आला. पाळणाघर मात्र नाही. ५० कर्मचारी असले तर पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावं, असं कायदा म्हणतो. तिथं हजेरीपटावर ५० भरत नव्हते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सहा महिने मोजायचे ते बाळ झाल्यानंतर. पुन्हा सांगतो, बाळ झाल्यानंतर. आधीचे आठवडे वेगळे धरा.

मालक म्हणतील, पगार आम्ही किती भरायचा? मग आम्ही बायकांना घेतच नाही. ही धमकी पोकळ नाही, असं होतं. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत बसणाऱ्यांचा पगार विम्यातून येतो, बाकीच्यांचा मालकाच्या खिशातून. पण यावर बाबासाहेब १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात बोलून गेलेत. आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा. मालकही पूर्ण सुटत नाही. दीक्षाभूमीच्या गावात हे मी वेगळं कशाला सांगू?

आणि आपल्याकडे भांडी घासायला येते तिला तर यातलं काहीच नाही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये तेवढे मिळू शकतात. तिला दिवस गेले असतील तर अंगणवाडीत नाव नोंदवलं का, आजच विचारा.