पाईप आधी बोटाने बघायचा

(दारूखाना, सकाळ. हातगाडीवरून पाईप येताहेत.)

रे रोड स्टेशनातून उतरून दारूखान्याकडे चालायला लागलात की गाड्यांचा विषयच नसतो, इथे नुसतं लोखंड. पत्रे, अँगल, साखळदंड, तुटलेल्या जहाजांचं भंगार. आणि या गल्लीच्या टोकाला, निळ्या ताडपत्रीखाली, ही उभी आहे. पोर्शे केमन, ९८७ मॉडेल, दोन सीटची, इंजिन सीटच्या मागे. कार्पेट, सीटा, मागचं ट्रिम सगळं काढून ठेवलंय, आतला नुसता पत्रा दिसतोय.

मालक ठाण्याचा. वर्षातून दोनदा-तीनदा गाडी ट्रॅकवर नेतो आणि आता त्याला रोल केज बसवायचाय, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाईपांचा सांगाडा. फोनमध्ये पन्नासेक फोटो साठवलेत, सगळे फुल केजचे, लाल, पिवळे, एक तर चक्क सोनेरी. इथे केज बनवतात ते नाना. त्यांनी चष्मा वर करून सगळे फोटो बघितले आणि विचारलं भलतंच.

"गाडी ट्रॅकला जाते कशी? चालवत का ट्रेलरवर?"

"चालवत, नाना."

"मग यातलं काही नको तुला."

मुंबईत ट्रॅक नाही. जायचं तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई नाहीतर कोइम्बतूरचा करी, दोन्हीकडे हजाराच्या वर किलोमीटर. फुल केजमध्ये पुढच्या काचेच्या खांबाला लागून, डोक्याच्या वरून, बाजूने पाईप जातात. ट्रॅकवर डोक्यात हेल्मेट असतं म्हणून ते चालतं. खंडाळ्याच्या घाटात हेल्मेट घालून कोण कार चालवतो? बाजूने टेम्पोने जरा ठोकलं तरी डोकं जाऊन पाईपवरच आपटणार. म्हणून रस्त्यावरून चालवत न्यायची असेल तर हाफ केज. सीटमागे एक मोठी कमान, तिला मेन हूप म्हणतात, तिच्यात एक तिरका पाईप, मागे जाणारे दोन पाय आणि बेल्ट बांधायला एक आडवा बार. बास. मालकाचा चेहरा तुम्हाला दिसतोच आहे.

(क्लोजअप: नानांचं बोट पाईपच्या तोंडात.)

आता हे नीट बघा, कारण पाईप निवडायची ही पद्धत कुठल्या कॅटलॉगमध्ये नाही. दुकानात दोन पाईप शेजारी ठेवले तर बाहेरून डिट्टो सारखे. ईआरडब्ल्यू पाईप म्हणजे पट्टी गोल वळवून कडा जोडलेल्या, त्याच्या आत बोट फिरवलं की लांबट शिवण लागते. सीमलेसला आत काही लागत नाही, गुळगुळीत. केजसाठी एफआयएचा, म्हणजे मोटररेसिंगच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, नियम आहे कोल्ड ड्रॉन (थंडच ओढून काढलेल्या) सीमलेसचा, मेन हूपला ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी किंवा ५० ला २ मिमी. ४५ चा पाईप मीटरला अडीच किलोच्या थोडा वर भरतो. मालक म्हणाला क्रोमोली घेऊ, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील, हलकी असते. नाही हो, वजनाला स्टील ते स्टीलच, क्रोमोली जास्त ताकदीची म्हणून पातळ पाईप घेता येतो, हलकेपणा काय तो तिथून येतो. जाडी तीच ठेवली तर फक्त पैसे जास्त जातात.

(बेंडर. आवाज वाढू द्या.)

पाईप वळवणं. हे आम्ही चार वेळा शूट केलं, कारण प्रत्येक वेळी वेगळं दिसतं. आधी पुठ्ठ्याचा साचा, फ्रिजच्या खोक्याचा, तो छताला आतून चिकटवून बघितला, कापला, परत बघितला. हूप जितका छताला आणि बाजूच्या खांबांना चिकटून बसेल तितका चांगला. मग डायमध्ये पाईप. वळणाची त्रिज्या पाईपच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी, म्हणजे ४५ च्या पाईपला १३५ मिमी. घाई केली की वळणावर पाईप चपटा होतो, आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. नाना व्हर्नियर लावून उभं-आडवं माप घेताहेत, लहान माप मोठ्याच्या ०.९ पट तरी भरलं पाहिजे. पहिला पाईप नाही भरला. तो तिकडे भिंतीला टेकवलाय, आता गेटचं हँडल होईल म्हणे.

आणि हा तिरका पाईप. मालकाने बाहेरून तयार किटचंही कोटेशन मागवलं होतं, त्याचं चित्र नानांना दाखवलं तर ते हसले. किट डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं. तिरक्याचं वरचं टोक ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या कोपऱ्यात यायला हवं आणि तिथून तो खाली दुसऱ्या बाजूला उतरायला हवा. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, हे पार्सल येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. आमचं मत विचाराल तर डॉलर मोजून उलटा पाईप आणण्यापेक्षा ही गल्ली बरी.

मागचे दोन पाय सरळच, एकही वळण नाही. जिथे ते हूपला मिळतात तिथे टोक माशाच्या तोंडासारखं कापलंय, वर दिवा धरला तरी फट दिसत नाही. मग वेल्डचे चार टॅक, म्हणजे कच्चे टाके, मग पुन्हा गाडीत घालून बघणं, मग बाहेर काढून पक्कं टिग वेल्डिंग.

(टिग वेल्डिंग. काचेआडून निळा प्रकाश. दहा सेकंद निवेदन नाही.)

शेजारी जी हॅचबॅक दिसतेय ती रॅलीची, तिला फुल केज. छताला चिकटलेल्या पाईपच्या वरच्या बाजूने वेल्ड करायला हात जात नाही, म्हणून फ्लोअरला भोकं पाडून अख्खा केज खाली उतरवतात, वरून वेल्ड मारतात, परत उचलतात आणि पायांखाली पेट्या बसवून भोकं बंद करतात. केज बघायला गेलात तर छताजवळच्या जोडाला मागून आरसा लावून बघा, अर्धा वेल्ड असेल तर तिथेच कळतं.

केमनच्या प्रत्येक पायाला तीन एम८ बोल्ट, ८.८ ग्रेडचे, आणि पत्र्याच्या खालून ३ मिमीची प्लेट, १२० चौरस सेंटीमीटरची, नाहीतर जोराचा दणका बसला की पाय पत्रा फाडून खाली जातो. पॅडिंगला पोऱ्याने एसीच्या पाईपचा काळा फोम आणला होता, अंगठ्याने दाबला तर थेट लोखंड लागलं. तो फोम परत गेला. त्याजागी एफआयए ८८५७-२००१ छापलेलं कडक पॅडिंग.

आरटीओ, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं), इन्शुरन्सला लेखी कळवणं हे सगळं मालक बघतोय, आणि रेसला उतरायचं झालं तर स्क्रुटिनीत, म्हणजे रेसआधीच्या गाडीतपासणीत, हाफ केज चालत नाही, तो हिशोब वेगळा.

(टॉर्क रेंच. शेवटचा बोल्ट.)

मालक सीटवर बसला. हेल्मेट घातलं, बेल्ट ओढले, खांद्यावरून मागच्या बारपर्यंत जवळजवळ आडवे गेले. नानांनी हेल्मेट आणि हूपच्या मधे हात घातला, पंजा आडवा केला, उभा केला.

"जातोय. काढ आता बाहेर, संध्याकाळी ट्रक लागतो इथे."

(इंजिन. यापुढे फक्त आवाज.)